माझ्या अंगावरचा खोटा बाण

मित्रांनो, मी पोलादाचा एक जुना तुकडा आहे. तुकडा म्हणतानाही थोडी लाज वाटते, कारण मी आता अर्धाच उरलो आहे. पूर्ण होतो तेव्हाही फार मोठा नव्हतो. तळहातावर मावेल एवढा चौकोन, दोन बोटे जाडी, दोन गोल भोके आणि मधोमध एक लांब खाच. आता भोकही एकच राहिले आहे. पोलाद म्हटले की लोकांना वाटते, हा निधड्या छातीचा असणार. माझे तसे नाही. मी जन्माचा भित्रा आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्यामागे भट्टीपासूनच लागला होता.

भट्टीची धग आठवली की अजून अंगावर काटा येतो. पण त्याहून वाईट होते ते रूळ. लाल तापलेल्या लादीला दोन प्रचंड रुळांमधून लाटतात, आणि तेही एकदा नाही, वीस-पंचवीस वेळा. दर फेरीला मी पातळ होत गेलो, लांब होत गेलो. पोलाद कितीही स्वच्छ केले तरी त्यात थोडा मळ राहतोच. तो मळही माझ्याबरोबर लाटला गेला आणि बारीक सुतांसारखा माझ्या अंगभर पसरला. सगळी सुते एकाच दिशेला. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भीती तिच्यातूनच निघाली. लाकूड फोडणाऱ्याला विचारलेत तर तो सांगेल. शिरेच्या बाजूने कुऱ्हाड घातली की ओंडका दुभंगतो, आडवी घातली की कुऱ्हाडच अडकून बसते. माझेही तसेच आहे. सुतांच्या दिशेने चीर पळत सुटते, आणि सुते आडवी आली की तिचा पाय जड होतो.

पुढे मला वाकवून, जोडून एका कागद कारखान्यातल्या उंच भांड्याची भिंत करण्यात आले. त्या भांड्यात लाकडाच्या चकत्या वाफेवर शिजवून लगदा करत. भांडे तीन मजले उंच होते, आणि भिंतीत माझी सुते वरून खाली उभी होती. आतून वाफ सारखी बाहेर ढकलायची. असे उभे भांडे फाटले तर उभेच फाटते, वाळलेली शेंग उकलावी तसे. हे मला पहिल्या दिवशीच कळले आणि पुढची तीस वर्षे मी ते विसरलो नाही. माणसे जाता-येता माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, 'दणकट गडी आहे.' मी गप्प राहायचो. आपली झाकली मूठ आपण कशाला उघडायची?

त्या भांड्यापाशी एक मुलगी कामाला होती. वाफेची झडप तिच्या हातात असायची, म्हणून सगळे तिला वाफवाली म्हणत. दुपारी ती माझ्या अंगाला टेकून बसे, डबा उघडे आणि वडिलांना फोन लावे. पहिले वाक्य ठरलेले असायचे. 'बाबा, जेवलात का?' मग ती त्यांना रागवे, हसे, पुन्हा रागवे. तेवढा अर्धा तास मला वाफेची भीती कमी वाटायची. कुणीतरी आपल्याला टेकून जेवते आहे, म्हणजे आपण टिकायलाच हवे, असे मनात येई.

मग कारखान्याने ठरवले की वाफेचा दाब वाढवायचा, म्हणजे लगदा लवकर शिजेल. पण एवढा दाब तीस वर्षांची भिंत पेलेल का? ते तपासल्याशिवाय परवानगी मिळणार नव्हती. भांड्याच्या भिंतीत एक नवे झाकण बसवायचे होतेच, त्या जागेचा पत्रा कापून काढला. त्यावर कुणीतरी पांढऱ्या रंगाने एक बाण काढला, भिंतीत जी दिशा उभी होती ती दाखवणारा. भिंतीतून कापला जाताना मी मनातल्या मनात किती ओरडलो, ते सांगत बसत नाही. तो बाण मात्र मला आवडला. माझी सुते कुठे धावतात हे जगाला सांगणारी ती एकच गोष्ट माझ्यापाशी होती.

मला एका चाचणीशाळेत आणले गेले. एक लांब खोली, खिडकीशी मिलिंग मशीन आणि मधोमध दोन खांबांचे ओढायचे यंत्र. ते यंत्र एक बाई चालवायच्या. चष्मा नेहमी कपाळावर, आणि सदा तोच शोधत असायच्या. पहिल्याच दिवशी कारखान्याचा एक साहेब आला होता. तो म्हणाला, "ओढा आणि तुटतोय का बघा, म्हणजे झालं."

बाई म्हणाल्या, "तसं नसतं हो. हे पोलाद काचेसारखं तडकत नाही. आधी ताणलं जातं, मग जरा जरा फाटत जातं. तुटलं का, एवढं विचारून भागत नाही. किती जोर लावल्यावर चीर किती सरकली, ते मोजायचं. त्यावरून कळतं, तुमच्या भांड्यात एखादी चीर निघालीच तर ते सावरेल की हात टेकेल."

"आणि ती चीर कुठनं आणणार?"

"आम्हीच पाडणार की."

हे ऐकून माझी पाचावर धारण बसली.

मिलिंग मशीनवर एक वयस्क कारागीर होते. त्यांना सगळे खूणवाले काका म्हणत, कारण त्यांचा एक नियम होता: खूण पुसण्याआधी खूण करायची. मशीनवर तुकड्याचा पृष्ठभाग सोलला जातो, त्याबरोबर वरचा रंगही जातो. म्हणून काका आधी बाण तुकड्याच्या कडेवर पंचाने, म्हणजे टोकदार छिन्नीने, ठोकून घेत आणि मगच मशीन चालू करत. पस्तीस वर्षांत त्यांची एकही खूण चुकली नव्हती. नव्या माणसांना ते हा नियम इतक्यांदा ऐकवत की ती कंटाळून जात.

त्यांनी तोच पांढरा बाण पत्र्यावर आणखी एकदा काढून घेतला आणि दोन सारखे चौकोन कापले. एक मी आणि दुसरा माझा जुळा भाऊ. भावाला पांढऱ्या बाणासकट कपाटात ठेवले, राखीव म्हणून. मला वाइसच्या जबड्यात धरले. बाण खिडकीकडे ठेवून तुकडा पकडायचा, ही काकांची सवय. पण माझ्या एका बाजूला कापताना उरलेला फुगवटा होता, तो जबड्यात नीट बसेना. म्हणून त्यांनी मला पाव फेरा फिरवून पकडले. त्यांच्या हातांनीच ते केले, मनाला पत्ताही नव्हता. मग त्यांनी पंच उचलला, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"बाबा, जेवलात का?"

मित्रांनो, तो आवाज मी ओळखला. तीस वर्षांच्या भिंतीला तो ओळखू येणार नाही तर कुणाला येणार?

"जेवतो गं. हातातलं काम संपलं की बसतो."

"संपलं की, म्हणजे चार वाजता. आणि बाबा, आमच्या भांड्याचा तुकडा तुमच्याकडेच आलाय म्हणे. नीट बघा हं."

"मी कधी वाकडं बघितलंय का?"

ते हसले. बोलत बोलत खिडकीपर्यंत गेले, पाच मिनिटांनी परत आले, पंच जागेवर ठेवला आणि मशीन चालू केले. कडेवर खूण न करता. मी थरथरत होतो, पण वाइसमध्ये धरलेल्याची थरथर कुणाला कळते? पाते फिरले. पांढरा बाण भुग्याबरोबर खाली पडला.

काकांनी मशीन थांबवले, नेहमीसारखी कड पुसली, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. कड कोरी होती. त्यांनी मला उलटे केले, सुलटे केले. सगळीकडून मी सारखाच चौकोन. खाली भुग्यात त्यांनी बोटे घातली, जणू बाण तिथे पडलेला सापडणार होता. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून पाहिला की माझी भीती मला लहान वाटली.

बाईंना सांगितले असते तर उपाय होता. एक कोपरा घासून त्यावर आम्ल लावले की सुते दिसतात. अर्ध्या तासाचे काम. पण त्यासाठी 'मी विसरलो' हे दोन शब्द उच्चारावे लागणार होते. ज्यांनी पस्तीस वर्षे दुसऱ्यांना नियम शिकवला, त्यांना ते दोन शब्द बोलवेनात. त्यांनी खिडकीकडे पाहिले. आपण नेहमी बाण खिडकीकडेच ठेवतो, मग आजही तसाच ठेवला असणार, असे त्यांनी स्वतःला समजावले. पंच उचलला आणि माझ्या कडेवर बाण ठोकला. तो आडवा बाण होता, माझ्या सुतांना छेदून जाणारा.

त्यानंतर माझ्या नशिबी जे आले ते त्या खोट्या बाणाच्या हुकमाने आले. बाणाच्या दिशेने मला खाच पाडली. म्हणजे मला तोंड मिळाले, पण आवाज मिळाला नाही. मग बाईंनी मला यंत्राच्या दोन खिळ्यांमध्ये अडकवले आणि हलके हलके ओढून सोडायला सुरुवात केली. हजारो वेळा. शेवटी खाचेच्या टोकाला केसासारखी बारीक चीर निघाली. त्या वेळी मला जे वाटले ते दुसऱ्या कुणाला वाटू नये. आपण आतून फाटायला लागलो आहोत आणि समोरचा माणूस समाधानाने मान हलवतो आहे, हे भयंकर असते.

खरी चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. माझ्या तोंडात बाईंनी एक चिमट्यासारखे माप बसवले. यंत्र ओढू लागले. थोडे ओढायचे, जरा सैल सोडायचे, पुन्हा ओढायचे. पडद्यावर रेघ चढत होती. मी ताणला गेलो, चिरेचे टोक बोथट झाले, मग फाटत गेलो. प्रत्येक सुतापाशी चीर अडखळत होती आणि यंत्राला आणखी जोर लावावा लागत होता. काका कामाचे निमित्त काढून तीनदा तिकडून गेले. चोराच्या मनात चांदणे असते. माझा मात्र जीव एकाच गोष्टीने जात होता. मी चांगला ठरत होतो. जितका चिवट मी निघणार, तितका दाब ते भांड्यात भरणार, आणि भांड्यात तर सुते उभी होती. तिथे चीर अडखळणार नव्हती, पळणार होती. आणि तिथे वाफवाली डबा उघडून बसत होती.

पुढे मला भट्टीत तापवले, म्हणजे जेवढा भाग फाटला होता त्याला निळसर रंग चढला. मग हाडे गोठतील अशा थंड द्रवात बुडवले आणि एका घावात मोडले. अशा थंडीत माझ्यासारखे चिवट पोलादही काचेसारखे तडकते. आयुष्यभर ज्याला भ्यालो ते घडले, आणि सांगायचे तर फार दुखले नाही. एकाचे दोन झालो, एवढेच.

बाईंनी चष्मा कपाळावरून शोधून काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळा भाग नऊ ठिकाणी मोजला. आकडा उत्तम आला. मग त्या पुन्हा वाकल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. माझी छाती त्यांच्यासमोर उघडी होती. खाच सुतांच्या दिशेने असती, तर तिथे लांब लांब रेघा दिसल्या असत्या. इथे सुते आडवी तुटली होती, त्यांची फक्त टोके दिसत होती. नुसते ठिपके. मला पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलता येत होते. मी ठिपक्यांनी जेवढे ओरडता येईल तेवढे ओरडलो.

बाईंना ते ऐकूही आले. पण त्यांनी मला उचलून कडेवरचा बाण पाहिला आणि त्या पुटपुटल्या, "काकांची खूण आहे. म्हणजे बरोबरच असणार." त्यांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा काकांवर जास्त विश्वास होता. मित्रांनो, मला तेव्हा सगळ्यात जास्त भीती वाटली. खोटेपणाची वाटते त्याहून जास्त भीती मला त्या विश्वासाची वाटली.

तरी त्या उठून मिलिंग मशीनपाशी गेल्या. मी त्यांच्या मुठीत होतो.

"काका, एक विचारू? राग मानू नका. ही खूण बघूनच मारली होती ना?"

काका कपड्याने हात पुसत राहिले. हात कोरडेच होते.

"हो," ते म्हणाले.

"मग ठीक. रिपोर्ट दुपारी पाठवते." बाईंनी मला त्यांच्याच टेबलावर ठेवले आणि त्या गेल्या.

काका माझ्यासमोर बसून राहिले. डबा उघडला, पहिला घास हातात घेतला आणि तो तसाच हातात राहिला. बरोबर वेळेवर फोन वाजला.

"बाबा, जेवलात का?"

"बसलोच आहे जेवायला."

"खरं?"

"डबा समोर आहे."

"बरं ऐका. रिपोर्ट यायचाय, पण आकडा फोनवर कळलाय, भांडं पास होतंय म्हणे. साहेब म्हणत होते, उद्यापासून वाढीव दाबावर चालू. पहिली पाळी माझीच आहे. बाकीचे जरा टरकलेत. मी म्हटलं, माझ्या बाबांच्या हातून गेलेला तुकडा आहे, मी निवांत."

काका माझ्या कडेवरच्या बाणाकडे पाहत राहिले.

"बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"जेवा मग. ठेवते."

त्यांनी घास डब्यात परत ठेवला. मला उचलले. ते घाबरले होते, आणि माझे म्हणाल तर मी कायमचाच घाबरलेला असतो. दोघे घाबरट मिळून बाईंच्या टेबलाकडे निघालो. वीस पावलांचे अंतर होते. दहाव्या पावलाला काका थांबले. मला वाटले, आता परत फिरणार. बाईंनी रिपोर्ट पाठवायला माउसवर हात ठेवलेला दिसत होता.

"बाई, थांबा," काका तिथूनच म्हणाले. आवाज इतका बारीक होता की त्यांना पुन्हा म्हणावे लागले. "थांबा. खूण मी बघून नाही मारली. विसरलो होतो. अंदाजाने मारली. आणि मघाशी तुमच्याशी खोटं बोललो."

बाईंनी हात मागे घेतला. त्या रागावल्या नाहीत, पण बसायलाही म्हणाल्या नाहीत. मग त्या म्हणाल्या, "मला ठिपके दिसले होते, काका. मी तुमची खूण बघितली आणि डोळे मिटले. म्हणजे चूक दोघांची." मग त्यांनी कपाट उघडून माझ्या भावाला बाहेर काढले.

या वेळी काका वाइसशी उभे राहिले आणि बाई शेजारी. पंच कडेवर टेकला तोच फोन वाजला. एवढ्या लवकर पुन्हा फोन, म्हणजे मघाच्या गप्प बसण्याने मुलीला घोर लागला असणार. काकांनी तो वाजू दिला. आधी बाण ठोकला, पांढऱ्या बाणाशी ताडून पाहिला, बाईंनीही पाहिला, आणि मगच ते खिडकीशी गेले.

"जेवलो नाही गं अजून," ते म्हणाले. "आणि उद्या भांडं चालू होणार नाही."

माझ्या भावाची चाचणी दोन दिवसांनी झाली. त्याच्यात चीर सुतांच्या दिशेने होती, ती सहज पुढे सरकत गेली. त्याचा आकडा माझ्या निम्म्याहूनही कमी आला. त्याची छाती उघडली तेव्हा आत लांब लांब रेघा होत्या. माझ्याच अंगातली सुते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. त्या आकड्यावर दाब वाढवायला परवानगी मिळाली नाही, आणि वर्षाच्या आत ते भांडे कायमचे बंद झाले. दाब वाढवला असता तर ते फाटले असते का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. न घडलेल्या गोष्टीचा आकडा काढता येत नाही.

चाचणीशाळेत तुकडे वर्षभर ठेवतात आणि मग भंगारात टाकतात. माझा भाऊ गेला. माझा दुसरा अर्धा भागही गेला. ज्या अर्ध्यावर खोटा बाण होता तो, म्हणजे मी, काकांनी मागून घेतला आणि मशीनच्या कोपऱ्यात समोर ठेवला. नवीन माणूस आला की आता ते नियमाचे व्याख्यान देत नसत. मला त्याच्या हातात देत आणि सांगत, "ही माझी खूण आहे. चुकीची आहे." तेवढे पुरे होई. माझ्यावर तेलाचे बोट फिरवायला ते कधी विसरले नाहीत, कारण गंजाचीही मला फार भीती वाटते.

काका निवृत्त झाले त्या दिवशी वाफवाली त्यांना न्यायला आली. तिने त्यांची अवजारे पिशवीत भरता भरता मला उचलले.

"बाबा, हा कसला तुकडा?"

"तुझ्या भांड्याचा. यावर मी खोटी खूण मारली होती. आणि विचारलं तेव्हा बघून मारली म्हणून सांगितलं होतं."

तिला काही कळले नाही असे आधी वाटले. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तिचा अंगठा माझ्या कडेवरच्या बाणावरून हळूहळू फिरला, एकदा, दोनदा. मी भिंत होतो तेव्हा ती मला टेकत असे, आता मी तिच्या हातात होतो. ती मला खिडकीबाहेर भिरकावेल, अशी मला भीती वाटली. काकांनाही बहुधा तशीच वाटली असावी, कारण ते तिच्याकडे पाहत नव्हते.

"मग खरं कधी सांगितलंत?"

"त्याच दुपारी. तुझा फोन आला, त्यानंतर."

तिने मला स्वतःच्या पिशवीत ठेवले. पिशवीचे तोंड बांधले, सोडले, पुन्हा बांधले. मग म्हणाली, "बाबा, जेवलात का?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. ती त्यांचा हात धरून बाहेर निघाली.

आता मी तिच्या घरात, तिच्या डब्याशेजारी फळीवर असतो. मित्रांनो, तुमच्या हातून काही घडेल तेव्हा एवढे करा. खूण पुसण्याआधी दुसरी खूण करा. आणि विसरलात, तर लगेच 'विसरलो' म्हणा. ते म्हणायला फार भीती वाटते, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? पण काका दहा पावले चालले, आणि ती दहा किती लांब होती ते मी त्यांच्या मुठीत असताना मोजले आहे. सकाळी ती डबा उचलते तेव्हा तिचा हात मला लागतो. तेवढ्यापुरता मी भीत नाही.